हात पोहोचेल तेवढेच कॉकपिट

लहान विमानात सामान कसे ठेवावे याविषयीची चर्चा बहुधा पिशवीपासून सुरू होते. पिशवीला कप्पे किती आहेत, हेडसेटचा खण वेगळा आहे का, बाहेरच्या बाजूला पाण्याची बाटली मावते का, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे मिळाली की विषय संपला असे मानले जाते. मला हा क्रम उलटा वाटतो. पट्टे घट्ट बांधून सीटवर बसावे, नजर बाहेर ठेवावी, एक हात योकवर, म्हणजे विमान वळवण्याच्या चाकासारख्या दांड्यावर, आहे असे धरावे आणि दुसरा हात न बघता जिथवर पोहोचतो तेवढीच जागा उड्डाणात आपली आहे असे समजावे. त्यापलीकडे ठेवलेली वस्तू कितीही नेटकी ठेवलेली असली, तरी एकट्या वैमानिकाच्या दृष्टीने ती हँगरमध्येच राहिलेली असते. पिशवीचा विचार त्यानंतर करावा, आणि तोही थोडाच.

ही जागा विमानागणिक बदलते. सेस्ना १७२ ची केबिन रुंदीला जेमतेम एक मीटर भरते, त्यामुळे दोन प्रौढ माणसे शेजारी बसली की खांद्याला खांदा लागतो. दाराजवळचा उथळ खिसा डाव्या हाताला सापडतो, पण तो हात योकवर असल्यामुळे त्या खिशात क्वचित लागणाऱ्या वस्तूच ठेवाव्यात. दोन सीटांच्या मधली जागा मोकळी दिसते आणि पिशवी नेमकी तिथेच ठेवण्याचा मोह होतो. परंतु योकवरचा ताण कमी करणारे ट्रिमचे चाक आणि कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते ठरवणारा सिलेक्टर तिथूनच हाताळायचे असतात. जुन्या पायपर चेरोकीत हाच मोह अधिक महाग पडू शकतो, कारण तिथे फ्लॅपचा, म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली घ्यायच्या पट्ट्यांचा, दांडा दोन सीटांच्या मध्ये, मोटारीच्या हँडब्रेकसारखा, जमिनीतून वर येतो. पिशवीचा पट्टा किंवा हेडसेटची वायर त्या दांड्यात अडकली तर ते बहुधा लँडिंगच्या तोंडावर, फ्लॅप घेतानाच लक्षात येते. शिवाय चेरोकीला दार एकच असते, तेही उजव्या बाजूला, पंखावर उघडणारे. डावीकडे बसणाऱ्याने आधी आत सरकायचे आणि मग शेजाऱ्याने यायचे, असा क्रम असल्यामुळे मागच्या सीटवरचे काहीही घ्यायचे असेल तर ते शेजारी बसण्यापूर्वीच घ्यावे लागते. म्हणून एका विमानात बसवलेली मांडणी दुसऱ्या विमानात जशीच्या तशी चालेल असे गृहीत धरू नये.

वस्तूंची विभागणी प्रकारानुसार न करता त्या केव्हा लागतात यानुसार करावी, असे माझे ठाम मत आहे. तारा एका कप्प्यात, कागद दुसऱ्यात, विजेऱ्या तिसऱ्यात ही मांडणी घरच्या टेबलावर शोभून दिसते. कॉकपिटमध्ये मात्र टेकऑफपूर्वी लागणारी वस्तू आणि उतरण्याच्या तयारीत लागणारी वस्तू एकाच कप्प्यात असली की एकीसाठी दुसरीत हात घालावा लागतो आणि तेवढा वेळ डोळे आत राहतात.

इंजिन सुरू होण्यापूर्वीच ज्यांचे काम संपते अशा वस्तूंचा एक वेगळाच संसार असतो. इंधनाचा नमुना घेण्याची नळी, टाकीत बुडवून पातळी पाहण्याची पट्टी, वेग मोजणाऱ्या पिटो नळीचे झाकण, नियंत्रणे जखडून ठेवणारे कंट्रोल लॉक, चाकांना लावायचे ठोकळे आणि पुढच्या चाकाला जोडून विमान ओढण्याचा टो-बार या त्या वस्तू. यांपैकी झाकण, लॉक, ठोकळे आणि टो-बार विमानाला लावलेले राहिले तर धोका असतो, आणि म्हणूनच त्यांची जागा कधीही बदलू नये. मी झाकणासाठी आणि कंट्रोल लॉकसाठी एका जाड कापडी पिशवीत ठरलेले दोन खण शिवून घेतले आहेत. इंजिन सुरू करण्याआधी ती पिशवी उघडून पाहणे हा माझ्या चेकलिस्टचाच भाग आहे, कारण रिकामा खण दिसला याचा अर्थ ती वस्तू अजून विमानावर आहे. टो-बार मात्र लांब आणि जड लोखंडी दांडा असल्यामुळे तो बॅगेजच्या जागेत जाळीखाली पट्ट्याने बांधूनच ठेवावा लागतो. नुसता आडवा ठेवलेला टो-बार धक्क्यात कोणत्या दिशेने सरकेल याचा भरवसा नसतो.

इंधनाच्या नळीबद्दल एक वेगळी सूचना करते. नमुना पाहून झाल्यावर तिच्या तळाशी थोडे इंधन राहतेच. १००एलएल हे लहान विमानांचे पेट्रोल निळसर दिसते, त्यात शिसे असते, आणि बंद केबिनमध्ये त्याचा वास उकाड्याच्या दिवशी मळमळ वाढवायला पुरेसा असतो. नळी पुसून, झाकणाच्या डब्यात घालून मागे ठेवावी. ती दाराच्या खिशात नकाशांशेजारी खोचण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. मला ती मुळीच पटत नाही.

आता मांडीकडे येऊ, कारण लहान विमानात वैमानिकाची मांडी हेच टेबल असते. डाव्या सीटवरून योकचे विमान चालवताना डावा हात योकवर आणि उजवा हात थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा), रेडिओ व लिहिण्यासाठी मोकळा राहतो, त्यामुळे उजव्या हाताने लिहिणाऱ्याने नीबोर्ड, म्हणजे मांडीवर बांधायची लिहिण्याची पाटी, उजव्या मांडीवर बांधावा हे सरळ आहे. योकऐवजी मधोमध स्टिक (नियंत्रणाचा उभा दांडा) असलेल्या विमानात हे गणित बिघडते. तिथे उजवा हात स्टिकवर असतो आणि लिहायचे तर हात बदलावा लागतो, म्हणून अशा विमानात मी लिखाण कमीत कमी होईल अशी तयारी जमिनीवरच करते. फ्रिक्वेन्सी, धावपट्टीची दिशा, उंची आणि वळणांच्या वेळा आधीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्या की हवेत फक्त खुणा करायच्या उरतात. कोणत्याही विमानात नीबोर्ड बांधून झाल्यावर योक पूर्ण मागे ओढावा आणि तसाच दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहावा. योक मध्यावर असताना सगळे मोकळे वाटते. पूर्ण मागे घेऊन डावीकडे फिरवल्यावर त्याचे खालचे टोक नेमके बोर्डच्या वरच्या क्लिपवर जाऊन टेकते, आणि ही स्थिती आडव्या वाऱ्यात उतरताना खरोखर लागू शकते. बोर्ड दोन बोटे गुडघ्याकडे सरकवला की बहुधा प्रश्न सुटतो. न सुटल्यास लहान बोर्ड घ्यावा.

पेन दोरीने बांधलेले असावे आणि ती दोरी मांडीवर कुठेही लिहिता येईल इतकी लांब, पण पेन सुटल्यास जमिनीला टेकणार नाही इतकी आखूड असावी. दुसरे पेन बाहीच्या किंवा छातीच्या खिशात असावे. दहा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो, त्यामुळे शाईचे काही पेन गळतात. मी लाकडी पेन्सिलच वापरते आणि तिला दोन्ही टोकांना टोक काढून ठेवते. पेन सुटून पायाशी गेले तर ते तिथेच राहू द्यावे. ते उचलण्यासाठी, विशेषतः वळणात असताना, मान खाली घालून पटकन वर केली की आतल्या कानातील संतुलनाची जाणीव फसते आणि विमान आहे त्याहून वेगळ्याच दिशेने कलल्याचा भास होतो. ढगात किंवा रात्री हा भास जीवघेणा ठरू शकतो. दाबाच्याच कारणाने, नळी असलेली पाण्याची बाटली वर गेल्यावर झाकण उघडताच पाणी उडवते. ती आपल्यापासून दूर, आणि टॅब्लेटपासूनही दूर, तोंड करून हळूच उघडावी.

टॅब्लेटने कागदाचा मोठा गठ्ठा संपवला हे खरे, परंतु त्याने मांडणीचे नवे प्रश्न आणले. ॲपलने आयपॅडसाठी सांगितलेले वापराचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सियस आहे. ग्लेअरशील्डवर, म्हणजे उपकरणांच्या फळीवरच्या सपाट भागावर, थेट उन्हात, काचेमागे ठेवलेला आयपॅड ही मर्यादा सहज ओलांडतो आणि ताप उतरेपर्यंत स्वतःला बंद करून घेतो. योकवर बसवला तर तो सावलीत राहतो आणि नजरेच्या रेषेत येतो, मात्र मागची काही उपकरणे किंवा स्विच झाकले जातात. कोणते झाकले गेले ते बसल्या जागेवरून पाहून घेतल्याशिवाय योकचा माउंट स्वीकारू नये. काचेला चिकटणारा सक्शन माउंट मला आवडतो, पण थंडीत आणि धक्क्यांत तो सुटू शकतो हे गृहीत धरून त्याला दुसरी दोरी बांधते. चार्जिंगची वायर आखूड असावी आणि ती थ्रॉटलच्या आजूबाजूने कधीही जाऊ नये. हेडसेटच्या वायरीचेही तेच. साध्या हेडसेटला ऐकण्याचा आणि माइकचा असे दोन प्लग असतात, आणि वायरीचा उरलेला झोल मांडीवर लोंबत राहतो. तो गोळा करून शर्टाला किंवा पट्ट्याला क्लिप करावा, म्हणजे मान वळवताना ओढ बसत नाही आणि झोल ट्रिमच्या चाकाकडे जात नाही.

होकायंत्राचा विचार फार थोडे जण करतात. हेडसेटच्या स्पीकरमध्ये चुंबक असतात, टॅब्लेटच्या कव्हरमध्ये असतात, फोनच्या काही माउंटमध्येही असतात. यांपैकी काहीही ग्लेअरशील्डवर ठेवले की वर बसवलेले होकायंत्र चुकीचे दाखवू लागते, आणि त्यावरून दिशेचा जायरो जुळवला तर चूक तिथेही जाते. इंजिन बंद असताना एक साधी परीक्षा करता येते: एकेक वस्तू होकायंत्राजवळ नेऊन तबकडी हलते का ते पाहावे. माझ्या सामानातल्या गॉगलच्या डबीचे झाकण चुंबकाचे आहे हे मला तसेच कळले. ग्लेअरशील्ड मुळातच रिकामे ठेवावे, कारण तिथला पांढरा कागद समोरच्या काचेत प्रतिबिंबित होतो आणि समोरून येणारे विमान जिथे दिसायचे नेमक्या त्याच भागावर धुरकट पडदा येतो.

सुटी वस्तू काय करू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण लहान विमानातले नाही. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रिटिश हवाई दलाचे व्हॉयेजर विमान काळ्या समुद्रावर ३३ हजार फुटांवर ऑटोपायलटवर उडत होते. कप्तानाने आपला कॅमेरा सीटचा हात टेकायचा भाग आणि साइडस्टिक, म्हणजे बाजूला असलेला नियंत्रणाचा दांडा, यांच्या मधल्या जागेत ठेवला होता. सीट पुढे घेताच कॅमेऱ्याने साइडस्टिक पुढे ढकलली, विमानाने नाक खाली घातले आणि २७ सेकंदांत ४,४०० फूट उंची गमावली. मागे पट्टे न बांधलेली माणसे छतावर आदळली. त्या कॉकपिटला जागेची टंचाई नव्हती, आणि कॅमेरा काही बेपर्वाईने फेकलेला नव्हता. तो हाताशी राहील अशा बेताने ठेवलेला होता. म्हणून मी हाताच्या पोचेला इतके महत्त्व देत असले, तरी नियंत्रणाच्या आणि सीटच्या हालचालीच्या मार्गात येणारी जागा ही जागाच नाही, अशी दुसरी अट तिला जोडते. वस्तू ठेवताना सीट जिथे आहे तिथली मोकळीक पाहून भागत नाही; सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे नेऊन पाहावे लागते.

सीटच्या रुळांचे आणखी एक प्रकरण आहे. सेस्नाच्या अनेक मॉडेलांमध्ये सीट रुळावर सरकते आणि एक पिन रुळाच्या भोकात बसून तिला जागेवर धरते. पिन नीट न बसल्यास टेकऑफच्या वेगात सीट मागे घसरते, आणि घाबरलेला वैमानिक आधारासाठी योकच धरून ओढतो. या कारणाने अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेने १९८७ मध्ये रुळांच्या आणि पिनांच्या नियमित तपासणीचा आदेश काढला. २०११ मध्ये त्याची जागा सुधारित आदेशाने घेतली. तो आदेश झिजेसाठी आहे, तरीही रुळात अडकलेली पेन्सिल किंवा पट्ट्याचे टोक पिनेला तितकाच अडथळा करते, म्हणून सीटखाली काहीही ठेवू नये. पाण्याची गोल बाटली तर जमिनीवर कधीच नको. विमान चढताना ती मागे जाते, उतरताना पुढे येते, आणि पुढे म्हणजे पायाने दाबून विमान वळवण्याच्या रडर पेडलांच्या मागे. चपटी, मऊ पिशवीसारखी बाटली पिळली जाते, पण घरंगळत नाही.

उघड्या कपाबद्दलही येथेच लिहिते. ६ फेब्रुवारी २०१९ रोजी फ्रँकफर्टहून कॅनकूनला निघालेल्या ए३३० या मोठ्या प्रवासी विमानात झाकण नसलेल्या कपातली कॉफी सांडून ऑडिओच्या कंट्रोल पॅनेलमध्ये गेली, पॅनेल तापले, धूर निघाला आणि विमान आयर्लंडमधील शॅननला उतरवावे लागले. त्या कॉकपिटमध्ये कपासाठी खाच होती, पण दिलेले कप त्यात नीट बसत नसल्यामुळे ते टेबलावर ठेवले जात. आपल्या लहान विमानात रेडिओ गुडघ्यापासून वीतभर अंतरावर असतात. झाकणाशिवाय पेय न्यायचे नाही, याला मी अपवाद करत नाही.

हाताच्या पोचेबाहेरचे सामान बॅगेजमध्ये जाते आणि तिथे प्रश्न वजनाचा व अंतराचा होतो. सेस्ना १७२ मध्ये मागच्या सीटमागे पहिला आणि त्याच्याही मागे दुसरा असे बॅगेजचे दोन भाग आहेत. पहिल्याची मर्यादा १२० पौंड म्हणजे सुमारे ५४ किलो, दुसऱ्याची ५० पौंड म्हणजे सुमारे २३ किलो, आणि दोन्ही मिळूनही १२० पौंडच. दुसरा भाग पुढच्या सीटांपासून दोन मीटरहून अधिक मागे आहे. १७२एस पूर्ण भरलेले, म्हणजे सुमारे १,१५७ किलो असताना पुढून वीस किलो उचलून तिथे ठेवले, तर गुरुत्वमध्य पावणेचार सेंटिमीटरच्या आसपास मागे जातो. आकडा किरकोळ वाटेल, पण त्या वजनाला गुरुत्वमध्याला मिळणारी एकूण मोकळीकच सुमारे सोळा सेंटिमीटर आहे, म्हणजे जवळजवळ पाव भाग एका पिशवीने खाल्ला. गुरुत्वमध्य जितका मागे, तितके विमान नाक वर-खाली होण्याच्या बाबतीत चंचल आणि स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल तुटल्यावर, सावरायला अवघड. म्हणून जड वस्तू पहिल्या भागात, मागच्या सीटच्या पाठीला टेकून आणि जाळीखाली ठेवाव्यात, आणि दुसऱ्या भागात फक्त जॅकेट, कव्हर असे हलके सामान ठेवावे. जाळी वगळू नये. जमिनीवर आदळताना नऊपट गुरुत्वाइतका धक्का बसला, तर दोन किलोची पेटी अठरा किलोच्या जोराने पुढच्या माणसाच्या डोक्याकडे येते.

आणीबाणीच्या वस्तूंना मात्र यातला कोणताही नियम पुरेसा नाही, कारण विमानातून बाहेर पडताना पिशवी घेता येईल असे धरताच येत नाही. संकटाचा संदेश पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन, पट्टा कापण्याचे लहान हत्यार आणि एक विजेरी अंगावरच, बंद होणाऱ्या खिशात असावी. पाण्यावरून जाताना लाइफ जॅकेट सीटमागे घडी घालून ठेवण्याऐवजी घातलेलेच असावे. विमान पाण्यात उतरल्यावर त्या अरुंद जागेत पट्टे सोडून ते अंगात घालणे जवळपास अशक्य असते. ते फुगवायचे मात्र बाहेर पडल्यावरच, नाहीतर दारातून निघणे अवघड होते. अग्निशामक नळकांडे ज्या जागी बसवलेले असते त्यावर जॅकेट टाकू नये. पॉवर बँक कधीही बॅगेजमध्ये ठेवू नये. लिथियमची बॅटरी तापू लागली तर ती दिसली पाहिजे आणि हाताला सापडली पाहिजे. सीटच्या यंत्रणेत चिरडलेला फोनही पेट घेऊ शकतो, म्हणून फोनसाठीही बंद होणारा खिसाच बरा.

रात्रीसाठी फारसे वेगळे काही लागत नाही. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला सुमारे अर्धा तास लागतो, तेव्हा कॉकपिटमध्ये मंद करता येणारी विजेरी हवी. लाल प्रकाशात नकाशावरच्या लाल रेषा दिसेनाशा होतात, त्यामुळे मी अगदी मंद पांढरा प्रकाश पसंत करते. दुसरी विजेरी गळ्यात असते आणि ती पहिलीच्या बॅटऱ्या बदलण्यासाठी लागते.

सोबतचा प्रवासी आपल्या पिशवीसह येतो आणि ती पायाशी ठेवतो. उजव्या सीटपुढेही रडर पेडल असतात हे त्याला माहीत नसते, म्हणून मी प्रवाशांना एकच सुटी वस्तू जवळ ठेवू देते, आणि ती कॅमेरा असेल तर त्याचा पट्टा गळ्यात असावा असा आग्रह धरते. उलटीची पिशवी त्याच्यासमोरच्या खिशात, घडी उलगडून ठेवलेली असावी. मळमळू लागलेल्या माणसाला घडी उलगडण्याइतका धीर नसतो, आणि वैमानिकाने त्या वेळी शोधाशोध करणे योग्य नाही.

क्लबच्या किंवा भाड्याच्या विमानात आपले काहीही ठेवण्याआधी दुसऱ्यांचे बाहेर काढावे लागते. दोन्ही दारांचे खिसे रिकामे करावेत, सीट पूर्ण मागे सारून रुळांवरून बोट फिरवावे, पेडलांच्या मागे विजेरी मारावी. पेनांची टोपणे, वाळलेल्या बॅटऱ्या, जुन्या चार्टचे तुकडे, कधी एखादे नाणे, असे काही ना काही निघतेच. ते सगळे ऑफिसात देऊन, खिशात असायला हवीत ती विमानाची कागदपत्रे आणि हँडबुक आहेत ना हे पाहूनच मी माझा नीबोर्ड बाहेर काढते.